डोक्याची कवळी

लग्न होऊन कन्हानजवळच्या मँगनीजच्या खाणीवर आल्यापासून मनकर्णा डोक्यावरून दगड वाहत होती. बाकीच्या बाया टोपलीला हात लावून चालत, हिचे दोन्ही हात मोकळे. चढावर ती चालता चालता तंबाखू मळायची. "मनकर्णेची मान लोखंडाची हाय," मुकादम म्हणायचा, आणि तिला ते ऐकायला आवडायचं.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात वरच्या टप्प्यावरून निसटलेला दगड तिच्या डोक्यावर बसला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चुरा झालेलं हाड काढून टाकलं आणि ती वाचली. पण उजव्या कानाच्या वर, तळहाताएवढ्या जागेत, नुसती कातडी उरली. बसली की तिथं खळगा पडे, वाकली की तीच जागा फुगून येई. बोट ठेवलं तर आत ठोके लागत. नवरा बळीराम तिच्या उजव्या बाजूला झोपेनासा झाला. "चुकून हात लागला तं?" एवढंच म्हणाला.

त्या जागी काही बसवायच्या आधी डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितलं होतं. ते सरल्यावर दातांच्या विभागातल्या कारागिरानं तिच्या भादरलेल्या डोक्याचा साचा घेतला. हाडाच्या जागी बसणारी चकती दातांच्या कवळीच्याच मसाल्याची होणार होती.

"म्हणजे डोक्याले कवळी बसवून राहिले तुमी?" मनकर्णा हसली. अपघातानंतर पहिल्यांदाच.

चकती बसवून टाके निघाले त्या दिवशी तिनं तिथं बोटानं हळूच वाजवून पाहिलं. टणक लागलं.

"डॉक्टरसाहेब, टोपली कधीपासून उचलू?"

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "बाई, ही मेंदू झाकायला आहे, ओझं वाहायला नाही. डोक्यावर आता काही घ्यायचं नाही. कधीच."

"मंग बसवली काहून?"

त्यांनी पुन्हा समजावलं. ती मान हलवत राहिली.

चार महिन्यांनी ती खाणीवर गेली. मुकादमानं तिला म्हाताऱ्या बायांबरोबर दगड निवडायला बसवलं. पंधरा दिवस बसली. मग एका दुपारी एक बाई तापानं घरी गेली, तिची टोपली पडून होती. मनकर्णेनं ती अर्धी भरली आणि डोक्यावर घेतली. चार खेपा केल्या, हात मोकळे सोडून. बाया बघत राहिल्या, कोणी अडवलं नाही.

आठ दिवसांत जुना व्रण उघडला आणि पू वाहू लागला. दवाखान्यात चकती काढून टाकावी लागली. "ओझ्यानंच झालं असं नाही, कधीकधी असंही होतं," डॉक्टर म्हणाले. बळीरामला ते पटलं नाही.

पुढच्या वर्षी नवी चकती बसवायला दोघं पुन्हा दवाखान्यात गेले. कातडी कागदासारखी पातळ झाली होती. डॉक्टरांनी बोटं फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आता पुन्हा उघडता येणार नाही. जपून राहा."

मग पाणी बळीराम भरू लागला, चुलीपाशी वाकायचं कामही त्याच्याकडे आलं. बाया आधी येता-जाता दारात थांबत, पुढं थांबेनाशा झाल्या.

"मुंबईले दाखवू का वं?" त्यानं एकदा विचारलं.

"नको," ती म्हणाली. "थे बी म्हणतील, ओझं घेऊ नको."

आणि भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर पडून राहिली.