साडूंच्या तळघरातले निवडुंग

माणूस असो की निवडुंग, मूळ गाव विचारल्याशिवाय माझे थोरले साडू कुणालाही पाणी देत नसत. नव्वदच्या दशकात आम्ही दोघेही मिशिगनमधल्या नोव्हायला मोटारींच्या धंद्यात इंजिनिअर होतो, आणि त्यांच्याकडे नवं कुणी जेवायला आलं की बूट काढता काढताच चौकशी सुरू व्हायची. एकदा नागपूरचा एक नवखा आला. "नागपूर हे राहायचं झालं. मूळचे कुठले?" असं करत साडूंनी त्याला पणजोबांपर्यंत मागे रेटला आणि वर्ध्यापलीकडच्या एका खेड्यात नेऊन सोडला. मग त्याच्या हातातली पोह्यांची बशी बाजूला ठेवून त्याला तळघरात नेलं.

तिथे ट्यूबलाइटखाली ते निवडुंग एका ओळीत उभे असत. फक्त खांबासारखे सरळ वाढणारे. फड्या निवडुंगाला त्या घरात मज्जाव होता. प्रत्येक कुंडीत एक कार्ड: नाव, मूळ गाव, इथे कधी आले. सग्वारो ॲरिझोनाचा आणि सीमेपलीकडच्या सोनोराचा, कार्डोन बाहा कॅलिफोर्नियाचा, पांढऱ्या केसांचा म्हातारा मेक्सिकोतल्या इदाल्गोचा, आणि लोकरीचं कांबळं पांघरलेला तो पेरूच्या डोंगरातला. "वॉशिंग मशीनपर्यंत जायला मला वाट राहिली नाही, पण ह्यांच्या सोयऱ्यांना रोज ऊन मिळतं," असं माझी थोरली मेव्हणी म्हणायची.

साडूंचा आत्मविश्वास मात्र दांडगा. एका हॉटेलच्या मेनूवर टेक्ससच्या नकाशात सग्वारो काढलेला पाहून त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं आणि सग्वारो टेक्ससमध्ये आपण होऊन उगवत नाही, हे पटवेपर्यंत ऑर्डर दिली नाही. आम्हाला सुट्टीत ॲरिझोनाला नेलं, तेव्हा एकाच सग्वारोसमोर तासभर उन्हात उभं केलं. मी सावली शोधू लागलो तर म्हणाले, "साडूबुवा, ह्याला पहिला हात फुटायला पन्नास-साठ वर्षं लागतात. तुम्ही पंधरा मिनिटांत बोअर झालात?"

ओळीत पहिला मान होता तो तीनधारी निवडुंगाला. वडील गेल्यावर माण तालुक्यातल्या पळसवाडीचं शेत विकावं लागलं, तेव्हा साडूंनी बांधावरच्या कुंपणाचा वीतभर तुकडा मोज्यात गुंडाळून आणला होता. घरचं म्हणून तेवढंच काय ते त्यांच्याकडे उरलं होतं. निवडुंग मुळात सगळे अमेरिका खंडातले, मग हा बांधावर कसा? त्याचाही छडा साडूंनी लावला होता: पोर्तुगीजांनी जहाजातून गोव्यात उतरवला आणि तिथून तो घाट चढून आला. कार्डावर लिहिलं होतं, 'मूळ गाव: मेक्सिको (बहुधा).' 'बहुधा' हा शब्द त्यांनी आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी वापरला असेल.

एका मार्चमध्ये ती कुंडी घेऊन ते इथल्या निवडुंगप्रेमींच्या क्लबात बोलायला गेले. सोबत मी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. साडूंच्या भाषणात पोर्तुगीज घाट चढत असतानाच पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई उठल्या, "मे आय?" म्हणाल्या आणि केसातली पिन खोडाला टोचली. पांढराशुभ्र चीक आला. "हनी, धिस इज नॉट अ कॅक्टस. कॅक्टसला असं दूध नसतं. हा युफोर्बिया. तुमच्या इंडियातलाच."

साडू चिकाकडे बघत राहिले. 'डोळ्यात जाईल रे' असं बजावत आईने ज्याच्यापासून दहा वेळा मागे ओढलं असेल, तोच चीक! पण आपल्याकडे कॅक्टस आणि युफोर्बिया दोघांनाही निवडुंगच म्हणतात, आणि त्या एका शब्दाने एवढ्या हुशार माणसाला वीस वर्षं चकवलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तळघराचा नियम मला माहीत होता: जो खरा कॅक्टस नाही, तो ओळीतून बाहेर.

परतताना गाडी मी चालवत होतो. कुंडी साडूंच्या मांडीवर. मागून मुलीने विचारलं, "बाबा, आर यू गोइंग टू थ्रो इट आउट?"

"म्हणजे हा कुठून आलाच नव्हता," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आमच्याच बांधावरचा होता यार. आणि मीच त्याला मेक्सिकोचा करून ठेवला."

घरी आल्यावर त्यांनी कुंडी तळघरात नेलीच नाही. वरच्या बैठकीच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. जुनं कार्ड काढलं, नवं घेतलं आणि 'मूळ गाव' पाशी पेन टेकवून थांबले.

"गावाकडून भावाचं पत्र आलंय," ते म्हणाले. "नव्या मालकाने सगळा निवडुंग काढून तारेचं कुंपण घातलंय. तिथे आता हा उगवत नाही."

मेव्हणी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. साडूंनी चष्मा पुसला, आणि मग सावकाश, नेहमीच्या ठाम अक्षरात लिहिलं: पळसवाडी. पुढे 'बहुधा' लिहिलं नाही.