कुलपाचा निरोपसमारंभ

दाजींचं फुटबॉल संपल्याचं जाहीर मी केलं. त्यांना न विचारता, लाउडस्पीकरवरून, सामना सुरू व्हायच्या जरा आधी.

माझी बाजूही ऐकून घ्या. क्लबच्या मैदानावर माईकवर मी असतो. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळाली होती, तेवढ्या भांडवलावर ताईने नवऱ्याकडे शब्द टाकला आणि मी चिकटलो. खेळाडूंची नावं वाचायची, सापडलेल्या छत्रीचा मालक शोधायचा, संपलं काम. हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ताईकडे गेलो, तर दाजी स्टुलावर चढून जुने बूट कागदात गुंडाळून माळ्यावर सरकवत होते आणि ताई खाली उभी राहून डोळे पुसत होती. छत्तिशीचा माणूस, दोनदा कापलेला गुडघा, बूट माळ्यावर, बायकोच्या डोळ्यांत पाणी. यातून कुणीही काय अर्थ काढेल? माळ्यावर धूळ होती आणि नवे बूट पलंगाखाली होते, हे मला कुणी सांगितलं नाही. विचारावं असं मलाही वाटलं नाही. एवढं चांगलं भाषण डोक्यात जुळत आलं होतं.

तर मी आवाजात कंप आणून सांगितलं, की आपलं कुलूप आज शेवटचं लागणार आहे. अख्खं मैदान उठून टाळ्या वाजवायला लागलं. दाजी खाली वाकून नाडी बांधत होते. लोक कुणासाठी उठले, म्हणून त्यांनीही मागे वळून पाहिलं.

कुलूप हे त्यांचं मैदानावरचं नाव. सुरुवातीला ते पुढे खेळायचे, गोल मारणाऱ्यांत. एकदा बचावातल्या एकाला गालगुंड झालं, म्हणून प्रशिक्षकांनी त्यांना आजच्यापुरतं मागे उभं केलं. ते आजच्यापुरतं सतरा वर्षं चाललं. एवढ्या काळात गोल पाच, त्यातले दोन आपल्याच जाळ्यात. नाक दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा एकाच बाजूला वळलं. ताईने पेपरातली कात्रणं जपून ठेवली आहेत, पण बचाव करणाऱ्याचं नशीब असं, की फोटो नेहमी गोल मारणाऱ्याचा येतो. दाजींचा कुठे कोपर, कुठे कान, कुठे पाठीवरचा आकडा. भाचीने एकदा सगळी कात्रणं फरशीवर मांडून बाबा जुळवून पाहिला. पाय कमी पडले.

पळण्यात ते बेताचेच. त्यांचं खरं हत्यार तोंड. ज्याला अडवायचं त्याच्या खांद्याला खांदा लावून ते विचारपूस करतात. आईची कंबर कशी आहे, घर बदललंस म्हणे, बाळ झोपू देतं का. विचारतात तेही मनापासून, म्हणून तर लागू पडतं. समोरचा ‘कुठलं झोपू देतंय’ म्हणेपर्यंत चेंडू दाजींच्या पायात गेलेला असतो. शिव्या देणाऱ्याला पंच दटावू शकतो. ख्यालीखुशाली विचारणाऱ्याला काय म्हणणार?

त्या दिवशी मात्र त्यांचा सगळा जीव करारात अडकला होता. तो त्या सामन्याबरोबर संपत होता. अध्यक्षांना कुणी तरुण हवा होता, प्रशिक्षक ‘बघू’ म्हणाले होते. सामना नीट गेला तर आणखी एक वर्ष, असं ठरल्यासारखं होतं. दाजींना ते वर्ष हवं होतं. कशाला, ते त्यांना नीट सांगता यायचं नाही. सकाळी उठल्यावर सरावाला जायचं असतं, एवढंच म्हणायचे.

पहिला अर्धा भाग कुलूप लागलेलंच होतं. समोरचा नऊ नंबरवाला, नुकतंच लग्न झालेला धिप्पाड पोरगा, सासुरवाडीच्या चौकशीतच दमला. मग शेवटाकडे त्यानेच तोंड उघडलं. चांगल्या मनाने, असं दाजी अजून म्हणतात.

“मग दादा, आता घरी बसून काय करणार?”

दाजी विचारात पडले. खरोखर पडले, मला वर माईकच्या खोलीतून दिसलं, कमरेवर हात ठेवून गवताकडे बघत होते. चेंडू त्यांच्या बाजूने गेला, चेंडूमागे पोरगा गेला, आणि सामना तेवढ्या एका गोलाने गेला.

अध्यक्षांचं आयतंच फावलं. एवढा सुंदर निरोप झाल्यावर माणसाला परत बोलावणं बरं दिसत नाही, म्हणाले. कार्यालयाच्या कपाटातला एक चषक शर्टाच्या बाहीने पुसून त्यांनी दाजींना दिला. त्यावर ‘बुद्धिबळ, उत्तेजनार्थ’ असं कोरलेलं होतं.

मी खाली कपडे बदलायच्या खोलीत गेलो तेव्हा सगळे बुटांकडे बघत बसले होते. मला साल्या म्हणायचा दाजींना नात्यानेच परवाना आहे. तोही त्यांनी वापरला नाही. पायाची पट्टी सोडत म्हणाले, “आवाज चांगला लागला होता. पार मागपर्यंत ऐकू आला.”

त्यानंतर ते घरी बसले. ताई म्हणते, नुसते बसले. नळाच्या चकत्या बदलल्या, न करकरणाऱ्या दारांना तेल घातलं, भाजीवाल्याच्या तिन्ही मुलांची चौकशी केली. मग एक फोन आला. बसने दोन तासांवर एक खालच्या श्रेणीतला संघ आहे; तिथला प्रशिक्षक पूर्वी समोरून खेळायचा. तो म्हणाला, या माणसाने मला कधी गोल करू दिला नाही, पण माझा संसार मोडतोय हे माझ्या घरच्यांच्या आधी त्याला माहीत होतं. आता तो मला माझ्या बाजूला पाहिजे.

दाजी मनातून कधीच बसमध्ये चढले होते. अडलं ताईपाशी. त्या श्रेणीचे सामनेही रविवारीच.

ती पोळ्या लाटत होती, हात न थांबवता म्हणाली, की लग्न झाल्यापासून मला एक रविवार मिळालेला नाही. भावाने मूर्खपणात का होईना, मिळवून दिला असं वाटलं होतं. मी कोपऱ्यात पाणी पीत होतो, तो पीतच राहिलो. इतके दिवस मी एकाचंच नुकसान केलं असं धरून चाललो होतो. दुसऱ्या कुणाचा फायदा केला होता, हे ध्यानातच नव्हतं.

“एक वर्ष दे,” दाजी म्हणाले. “त्यातला एक रविवार तुझा. दिवसभर. शब्द.”

“कुठला?”

“ठरवू की. बरं, तुझी पाठ कशी आहे आता?”

“मला खेळवू नका,” ताई म्हणाली. “चेंडू माझ्याकडे आहे.” मग लाटलेली पोळी तव्यावर टाकून, “जा.”

आता ते पहाटेच्या बसने जातात. नव्या मैदानावर लाउडस्पीकर नाही, हे ते भेटेल त्याला माझ्यासमोर सांगतात. संघ तळातून जरासा वर आला आहे. अर्ध्याहून जास्त हंगाम उलटला. मध्ये दोन रविवार मोकळे आले होते. एक गुडघ्यावर बर्फ धरण्यात गेला, दुसऱ्या रविवारी ते पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना बघायला गेले, म्हणजे कुणाच्या घरी काय चाललंय ते कळावं.

ताई भांडत नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांचे मोजे दोरीवर वाळत घालताना विचारते, “उद्या?”

“उद्या नाही गं.”

“बरं,” म्हणते, आणि दुसऱ्या मोज्याला चिमटा लावते.