फोल्डरची वारस नोंद

घोटावड्यात ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, त्या घराच्या मालकांनी एका सकाळी मला जिन्यात थांबवलं आणि टॅब पुढे धरला. पडद्यावर पिवळी पट्टी होती. ‘या फोल्डरच्या मालकाचे खाते दीर्घकाळ वापरात नाही. खाते कायमचे बंद होऊ नये यासाठी मालकाने तीन महिन्यांच्या आत लॉग-इन करावे.’ काकांनी ते शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "ताई, मालकानं म्हंजे कुनी?"

मालक म्हणजे त्यांचा मुलगा. कामावरून येताना पिरंगुटच्या रस्त्यावर डंपरखाली गेला, त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. एकुलता एक होता. आणि पट्टीवरचं ते वाक्य माझं होतं.

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी काम करते, ती लोकांच्या फाइली सांभाळते. फोनवर एक फोटो काढला की तो आपोआप तिकडे जातो, तिकडून टॅबवर येतो, लॅपटॉपवर येतो. याला ढग म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती कुठल्याशा थंड मुलखातली यंत्रांनी भरलेली शेड आहे. माझ्याकडे दोन कामं आहेत. अ‍ॅपमधला मराठी मजकूर लिहायचा, आणि ग्राहक ज्या नव्या सोयी मागतात त्या सूचना वाचून खणांत टाकायच्या. आमच्या विभागाच्या दाराशी भिंतभर पितळी कान लावलेला आहे. कंपनी ग्राहकांचं ऐकते, असा त्याचा अर्थ. परदेशातून पाहुणे आले की त्या कानाशेजारी उभे राहून फोटो काढतात. आत आम्ही सहाजण बसतो.

सूचना वाचता वाचता माणसांविषयी फारसं बरं मत उरत नाही, पण कीव वाढते. फोनमधून पुसलेलं तिकडे शिल्लक राहावं, असं निम्म्या जगाला वाटतं. आमची सेवा हे गोदाम नसून आरसा आहे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, हे त्यांना सगळं गेल्यावर कळतं. एका गृहस्थांना बायकोने कोणती फाइल कधी उघडली ते कळायला हवं होतं. एका बाईंना नवऱ्याला ते कळू नये अशी सोय हवी होती. दोन्ही सूचना मी एकाच दिवशी एकाच खणात टाकल्या. इतक्या वर्षांत तीन सूचना मान्य झालेल्या मी पाहिल्या. काळी पार्श्वभूमी, फोल्डरला रंग, आणि शिकवणीवाल्यांनी मागितलेलं एक कुलूप, म्हणजे दुसऱ्याची चित्रफीत बघता येईल पण उतरवता येणार नाही. पडद्याचं रेकॉर्डिंग करू गेलं तर चित्र काळं येतं. फोल्डरच्या रंगाच्या दिवशी ढगाच्या आकाराचा केक आला होता आणि एका उपाध्यक्षांनी हात जोडून ‘आम्ही ऐकलं’ असं सांगितलं होतं.

काकांच्या मुलाने ते कुलूप लावलं होतं.

त्याचं कारण असं. सूसच्या बाजूची त्यांची भातखाचरं विकायचं ठरलं, तेव्हा व्यवहाराआधीच्या महिन्यात दर रविवारी तो बापाला घेऊन जमिनीवर जायचा आणि फोनवर चित्रण करायचा. एका तुकड्याची एक चित्रफीत. बाप बांधावरून पुढे चालतोय, मुलगा मागून विचारतोय. चिंचेचं खाचर, म्हातारीचा टुकडा, ओढ्याकडची पट्टी. अशा एकोणीस चित्रफिती. त्यातली एक चुलतभावाने उतरवून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, बांध कोणाचा यावरून वाद पेटला, म्हणून मुलाने सगळ्यांना कुलूप घातलं. बापाला फक्त बघायची परवानगी ठेवली, कारण "आबांचा अंगठा लई जड हाय, काय बी पुसत्याल." आता त्या खाचरांवर इटलीतल्या कुठल्याशा तळ्याचं नाव लावलेल्या इमारती आहेत. काका रोज दुपारी जेवणानंतर टॅबवर एक तुकडा बघायचे. काकू तेव्हा उठून परसात जायच्या.

खात्यात शिरता आलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण त्यासाठी लागणारा आकडा मुलाच्या मोबाइलवर जाणार होता. मोबाइल डंपरखाली गेला होता आणि रिचार्ज न केल्यामुळे नंबर सिमकार्डच्या कंपनीने दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता. काकांनी माझ्यासमोर त्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाला त्यांनी मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, मुलगा, अपघात, फोल्डर, आणि शेवटी म्हणाले की तुमच्या फोनवर आता एक ओटीपी येईल तो सांगा. माणूस शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "चाचा, मरे हुए बेटे के नाम पे ठगी करते हो. कुछ तो शरम करो." ओटीपी कोणालाही सांगू नका असं त्याला बँकेने, सरकारने आणि आमच्याही कंपनीने वारंवार बजावलेलं होतं. तो मजकूरही मराठीत मीच लिहिला आहे.

काकांनी फोन खिशात ठेवला. मग त्यांनी जे विचारलं ते मला आमच्या पितळी कानाखाली आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. खातं आहे, खातेदार मयत आहे, वारस जिवंत आहे, तर वारस नोंद कुठे करायची?

मुळशीत जमीन विकलेल्या आणि न विकलेल्या प्रत्येकाला ही रीत पाठ असते. खातेदार गेला की मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. तलाठ्याला आता लांबलचक नवं पदनाम मिळालं आहे, पण लोक तलाठीच म्हणतात. नोटीस लागते, कोणी हरकत घेतली नाही तर वारसांची नावं सातबाऱ्यावर चढतात. वेळ लागतो, हेलपाटे होतात, पण मेलेल्या माणसाने येऊन सही करावी असं तिथे कोणी म्हणत नाही. मी काकांना म्हटलं, आमच्याकडे तलाठी नाही.

"मग लोकांनी जायाचं कुनाकडं?"

मी म्हटलं, सूचना करता येते.

आठ दिवसांनी ते पौडहून अर्ज टाइप करून घेऊन आले. ‘विषय : मयत मुलाचे फोल्डरवर वारस म्हणून अर्जदाराचे नाव लागणेबाबत.’ वर कोर्ट फीचं तिकीट चिकटवलेलं, सोबत मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, वारसाचं प्रतिज्ञापत्र, खाली माहितीसाठी एक प्रत तहसीलदारांना. मला मूळ अर्ज दिला आणि स्वतःची प्रत पुढे करून पोच मागितली. मी म्हटलं, आमच्या कंपनीला शिक्का नाही. शिक्का नसलेल्या कंपनीकडे पोराच्या फाइली ठेवल्या, या विचाराने त्यांचा चेहरा पडला. शेवटी मी ‘मिळाला’ असं लिहून सही केली, तारीख घातली. तेवढ्यावर ते जिना उतरून गेले.

अर्जाचं इंग्रजी करून मी तो कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सूचनांच्या फळ्यावर त्यांच्या नावाने टाकला. खातेदाराची स्थिती निवडायला दोनच पर्याय होते, चालू आणि बंद. मयत असा नव्हता. मी ‘बंद’ निवडलं.

निकाल कसा लागतो, हे काकांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. लोक मतं देतात, जास्त मतं मिळालेली सूचना वर सरकते. हे सांगायला नको होतं. मतं कशी मिळवायची हे या तालुक्यात कोणाला शिकवावं लागत नाही. देवळाच्या सभामंडपात दोन माणसं टॅब घेऊन बसली. येईल त्याच्या फोनवर खातं उघडून द्यायची आणि मत टाकून घ्यायची. ग्रामपंचायतीची दोन्ही पॅनेलं एका बाजूला आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. माझे साहेब एक दिवस खूश होते. ग्रामीण भागातून असा प्रतिसाद कधी आला नव्हता, त्यांनी तो आलेखासकट वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी यंत्रणेने सगळी मतं रद्द केली. एकाच टॉवरखालची, एकाच आठवड्यात उघडलेली खाती, आणि आत फाइली म्हणून गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं एखादं चित्र. अशी खाती माणसांची नसतात असं यंत्रणेचं मत होतं. मी साहेबांना सांगितलं की ही माणसं आहेत, मी त्यांना ओळखते, मी तिथे राहते. ते म्हणाले, तेच तर अडचणीचं आहे, तुझा यात संबंध दिसतो. मग त्यांनी दाखवून दिलं की फोल्डरचा मालक बदलण्याविषयी सात वर्षांपूर्वीची एक सूचना फळ्यावर आहे आणि नियमाप्रमाणे सारख्या सूचना एकत्र करायच्या असतात. जुनी सूचना परदेशातल्या एका कचेरीची होती. नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या फाइली त्यांना हव्या होत्या. स्थिती, विचाराधीन. काकांचा अर्ज मी स्वतः तिला जोडला. एक बटण दाबावं लागतं.

मी एकदा जेवणाच्या सुट्टीत साहेबांना निव्वळ मुदत वाढवता येईल का ते विचारलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, एकासाठी केलं तर सगळ्यांसाठी करावं लागेल. सगळ्यांसाठी करायला आपला विभाग आहे, असं मला वाटत होतं.  कायदा विभागाने कळवलं की न्यायालयाचा आदेश चालेल, फक्त तो मुख्य कार्यालयाच्या देशातल्या न्यायालयाचा हवा.

काकांना मी अर्ज जोडल्याचं सांगितलं. त्यांना बरं वाटलं. महसुलात एक प्रकरण दुसऱ्याला जोडलं गेलं म्हणजे कागद हलला. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, आणि या सगळ्या हकिकतीत माझा खरा गुन्हा कोणता असेल तर तो हा.

कारण अर्ज फळ्यावर टाकला त्याच दिवशी मी एक उपाय सुचवला होता. टॅबवर चित्रफीत लावायची आणि समोर माझा फोन धरून तिचं चित्रण करायचं. भिकार होईल, पण राहील. काका ठाम नाही म्हणाले. एक तर अस्सल असताना झेरॉक्स कशाला. आणि दुसरं त्यांनी आवाज उतरवून सांगितलं: अर्ज पेंडिंग असताना आपणच नक्कल उतरवून घेतली तर समोरचा म्हणेल, ह्यांचं काम भागलं, हक्क सोडला. मग नोंद कशी होणार? जमिनीच्या कामात मुरलेल्या माणसाला हे कळतं, असा त्यांचा चेहरा होता. त्यांचा कागद हललेलाच नाही, हे मी तो जोडला त्याच दिवशी सांगितलं असतं तर दोन महिने हातात होते. मी त्यांना सांगितलं ते शेवटच्या शनिवारी.

ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "पोच दिली व्हती तुमी."

रविवारी खातं बंद होणार होतं. आम्ही सकाळी दहाला बसलो. खिडकीवर चादर लावली, पंखा बंद केला. तरी टॅबच्या काचेत माझा हात दिसत होता आणि मागे काकांचं डोकं. काकू उंबऱ्याबाहेर पाठ करून गहू निवडत बसल्या. त्यांच्या सुपाचा आवाजही चित्रणात येत होता, पण त्यांना उठा म्हणायचं धाडस दोघांनाही झालं नाही. एकेक तुकडा पुढे सरकला. टॅबमध्ये मुलगा विचारत होता, "आबा, ह्याला म्हातारीचा टुकडा का म्हन्त्यात? कंची म्हातारी?" आणि टॅबमधले आबा बांधावर थांबून सांगत होते, आणि टॅबबाहेरचे आबा ओठ हलवत होते.

दुपारी बारावी चित्रफीत अर्ध्यात थांबली. गोल चक्र फिरत राहिलं. काका म्हणाले, रेंज गेली असेल. आम्ही थांबलो. मग मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, दीड वाजला होता, आणि माझ्या लक्षात आलं. कंपनीचं मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे आहे. त्यांच्याकडे तेव्हा रविवार सुरू झाला होता. आम्ही आमच्या रात्रीपर्यंतचा हिशेब धरून बसलो होतो. दिवस कोणाचा धरायचा हे पट्टीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणजे मी लिहिलेलं नव्हतं. मी मागे जाऊन पाहिलं. फोल्डर नव्हतं.

मी सांगितलं. एकोणिसातले साडेअकरा.

बाहेर सुपाचा आवाज थांबला. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी मूर्खासारखी म्हणाले, की उरलेल्या तुकड्यांची नावं तुम्ही सांगा, मी लिहून घेते, तुम्हाला सगळी माहीत आहेत.

"नावं पाठ हायेत मला ताई," काका म्हणाले. "त्यो काय इचारत व्हता त्ये पाठ न्हाई."

माझा फोन अजून टॅबसमोर उभा होता आणि त्याच्या विझून काळ्या झालेल्या पडद्याचं चित्रण चालू होतं. मी तो बंद केला. काकूंनी निवडलेले गहू आत आणून ठेवले आणि खिडकीवरची चादर काढली.