पोच न देणारे गुरुजी

माझा पुतण्या नदीच्या घाटावरच्या पूजांचं ऑनलाइन बुकिंग चालवतो, आणि त्याचे तीन सर्व्हर मी सांभाळते. हसू नका. तिघं मिळून एकच काम करतात, एक आजारी पडला तर उरलेले दोघे ओढतात, आम्ही जावा-जावा करायचो तसं. स्क्रीनवर सगळं दिसतं: पूजेचे किती निरोप रांगेत थांबलेत, किती गुरुजींच्या फोनवर गेले, निरोप मिळाल्याची पोच किती जणांकडून आली. कुणी शिकवलं नाही हो, बटणं दाबून दाबून शिकले.

तर पितृपक्षात 'पोच बाकी'चा आकडा वाढायला लागला. तिन्ही सर्व्हर स्क्रीनवर हिरवेगार, म्हणजे ठणठणीत, आणि नागपूरच्या एका गृहस्थांच्या वडिलांचं पिंडदान एका दिवसात तीन गुरुजींनी केलं! मी फोन करून माफी मागितली, तर म्हणाले, "असू द्या, बाबा खाण्याचे शौकीनच होते."

पुतण्या मात्र हसला नाही. "काकू, सोमवारपासून इंदूरचा इंजिनीयर बघेल. तू आता आराम कर."

आराम! दोन वर्षं डोळे फोडून शिकले ते आराम करायला? म्हटलं, "सोमवार यायचाय अजून."

पुतण्याच्याच सांगण्यावरून चौथा सर्व्हर जोडला. तोही हिरवा. पोच काही येईना. रविवारी सकाळी रिक्षा केली आणि सरळ राम घाट गाठला.

आमचे एक गुरुजी पाटावर बसलेले, समोर स्टँडवर फोन, त्यावर यजमानाचं नाव-गोत्र. विधी जोरात चालू.

"गुरुजी, निरोप आला की पोचेचं बटण का नाही दाबत?"

"सोवळ्यात आहे ना बाई! मोबाइलला हात कसा लावू? विधी आटोपला की दाबतो."

"किती वेळ लागतो?"

"सव्वा तास तर पक्का."

आणि आमचा सर्व्हर थांबतो अर्धा तास! तेवढ्यात पोच नाही आली की निरोप परत रांगेत, तिथून दुसऱ्या गुरुजींकडे. तेही सोवळ्यातच, पोच न देता तोच विधी करून मोकळे!

घरी आले, चप्पलसुद्धा न काढता मुदतीच्या चौकोनातली तीस मिनिटं खोडून एकशेवीस टाकली. संध्याकाळपर्यंत आकडा उतरला. पुतण्याने येऊन आकडा पाहिला.

"काकू, इंजिनीयरला काय सांगू आता?"

"सांग, जागा भरलेली आहे. आणि तो चौथा सर्व्हर काढ आधी, उगाच बसून राहिलाय."