निरंक पाडा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित आज जमेल.

घर नाशिकला, गंगापूर रोडवर, नोकरी सुरगाण्याच्या डोंगरात. प्राथमिक शिक्षक. मास्तरांच्या गळ्यात सरकार काय काय बांधतं, ते तुम्ही जाणताच—निवडणूक, पोलिओचे डोस आणि जनगणना. मागच्या जनगणनेत गावाबरोबर ओढ्यापलीकडचा पाडाही माझ्याकडे होता. गणना फेब्रुवारीत, आणि तेव्हा पाड्यावरची माणसं निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर जातात. दाराला आडवी काठी लावून, पोराबाळांसकट. घर बंद दिसलं तर पुन्हा जायचं, आसपास विचारायचं, हे प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं. मी पुन्हा गेलो नाही. शनिवार होता, नाशिकची गाडी गाठायची होती. पाड्यापुढे मी लिहिलं—निरंक.

एवढंच असतं तर आळस म्हणून खपलं असतं. पण त्या पाड्याची पोरं माझ्याच वर्गात होती. जून ते दिवाळी माझ्यासमोर बसून पाढे म्हणायची. मग निरंक लिहिताना हात कसा अडला नाही? कोण तपासतंय, असं वाटलं. कागदी घोडेच तर नाचवायचे होते!

काही वर्षं गेली. पाड्याने ओढ्यावर साकव मागितला. पावसाळ्यात पाणी चढलं की पोरांची शाळा बुडते, दुखणेकऱ्याला दवाखान्यात नेता येत नाही—मागणी साधी होती. उत्तर आलं. आमच्याच शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली आणि ग्रामसेवकाने ते वाचलं. पाड्याची लोकसंख्या निरंक, सबब साकव मंजूर करता येत नाही. वाचता वाचता तोही थबकला. कारण समोर सतरंजीवर अख्खा पाडा बसला होता.

माझाच शब्द, वर जाऊन, मोठा होऊन परत आला होता—एवढ्याशा शब्दाने एवढी माणसं पुसली जातात? मला खरंच कळलं नव्हतं. की कळून घ्यायचं नव्हतं? कोणीतरी म्हणालं, म्हणजे आपण भुतंच की. थोडे हसलेही लोक.

तेवढ्यात जिवलीआजी उठली. पाड्याच्या शेवटच्या घरातली म्हातारी. तिने बोट माझ्याकडे केलं.

"या गुरजींना इचारा. ते आलते तवा मी घरीच होती. माझ्या हातचं पानी पिऊन गेलेत."

सगळ्या माना वळल्या. ग्रामसेवकाने मला विचारलं, आजी म्हणतात ते खरं का? अजूनही वेळ होती. हो म्हणालो असतो तर चूक माझी ठरली असती, मागणी पुन्हा वर गेली असती. फार तर मला नोटीस आली असती.

मी म्हणालो, "आठवत नाही."

आठवत होतं—सगळं. सगळी दारं बंद, आणि तिच्या एकटीच्या चुलीचा धूर. झोळीत नातू निजलेला. पितळी तांब्या तिने आधी राखेने घासला, मग मला पाणी दिलं. तिला मोजलं असतं तर इतर घरांचंही तिला विचारावं लागलं असतं, त्यात दुपार गेली असती आणि गाडी चुकली असती. निघताना तिने विचारलं होतं, माझं नाव लिवलं ना? मी हो म्हटलं होतं.

ग्रामसभेत तिने माझ्याकडे केलेलं बोट खाली घेतलं. मग लोकांनाच समजावल्यासारखं म्हणाली, "नसंल आठवत. लय घरं फिरतात बिचारे."

मी मान डोलावली. ती खाली बसली, आणि पुढचा विषय सुरू झाला. साकव आजही झालेला नाही.