प्रमोदभाऊंच्या फोनची जागा

बातमी आली तेव्हा मी देवळीच्या आमच्या कॉलेजात, कॉम्प्युटर लॅबमध्येच होते. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, प्रमोदभाऊ गेले." मी त्याच्यावरच खेकसले, "कुठं गेले? सांगून जायला काय होतं या माणसाला!" मग त्याचा चेहरा पाहिला... आणि कुठं गेले ते कळलं.

लॅबचं नेटवर्क प्रमोदभाऊ सांभाळत. आष्टीहून मी इथे नवीन आले तेव्हा, न विचारताच त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं: डबा कोणाचा चांगला, शेवटची बस कधीची, पाणी कोणत्या नळाचं प्यायचं. कामही तसंच शिकवलं. एकदा मी सर्व्हरवर सेटिंग भरलं. प्रत्येक कॉम्प्युटरला आपोआप नेटवर्कवरचा पत्ता मिळाला, पण इंटरनेट काही केल्या उघडेना. मी माउस आपटला. भाऊ पोट धरून हसले. "ताई, पाव्हण्याले खोली देली, पण बाहीर जायचा रस्ता सांगतलाच नाई! बसून राहीन नाई तं काय करन तो?" गेटवे, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर पडायच्या दाराचा पत्ता, भरायचा राहिला होता. तो भरला आणि सगळीकडे नेट सुरू झालं. चिडले होते, तरी हसू आलंच.

आमच्याकडे ज्या यंत्राची नोंद आहे त्यालाच पत्ता मिळतो, परक्या फोनला नेट लागत नाही. भाऊंनी स्वतःच्या फोनसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला होता. ते गेल्यावर काही आठवड्यांनी नवा सर्व्हर आला. तो बसवायला नागपूरहून आलेला इंजिनिअर जुन्या नोंदींची यादी पाहून म्हणाला, "मॅडम, ये फोन तो कब से बंद है. हटा दूँ?"

"हात लावू नका!" माझा आवाज असा चढला की तो दचकलाच. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण भाऊंच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसू लागलं होतं, कपाट रिकामं झालं होतं. एवढी एक जागा तरी मला त्यांची म्हणून हवी होती. नव्या सर्व्हरवर ती मी माझ्या हातानं भरली.

गेल्या आठवड्यात भरदुपारी पडद्यावर ओळ उमटली: प्रमोदचा फोन, जोडला. वळून पाहते तर दारात त्यांची लेक ऋचा. अ‍ॅडमिशनचा अर्ज भरायला आलेली, हातात बाबांचा फोन.

"आत्या, म्या काईच नाई केलं... नेट आपोआपच लागलं."

"लागनच नं माय," मी म्हटलं. "तुह्या बाबाची जागा हाय इथं."

मग आम्ही दोघी रडलो. अर्ज भरून होईस्तोवर संध्याकाळ झाली.