वीस जुड्यांतून सात

विमान उंचावर असताना आतली हवा विरळ झाली, तर माणसाला ते कळत नाही. वैमानिकांना आणि विमानातल्या इतर कर्मचाऱ्यांना ते ओळखायला शिकवणं हे माझं काम. एका बंद खोलीतली हवा आम्ही हळूहळू कमी करतो, पंचवीस हजार फुटांवर असते तेवढी. मग आत बसलेल्यांना मास्क काढायला सांगायचं आणि शंभरातून सात-सात वजा करत कागदावर लिहायला लावायचं. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणी चिडतं, कुणाला रंग फिके दिसायला लागतात. ज्याची त्याची खूण वेगळी.

मी शिकायला आले तेव्हा शहाऐंशीपर्यंत नीट लिहिलं. मग एकाएकी फार बरं वाटायला लागलं. अनसिंगजवळच्या आमच्या भाजीच्या वावरात, ओल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्यासारखं. शिक्षक मास्क लावायला सांगत होते आणि मी त्यांच्याकडे पाहून हसत होते. शेवटी शेजारच्या मुलीनं मास्क माझ्या तोंडावर चढवला.

"तुमची खूण सगळ्यात वाईट," शिक्षक नंतर म्हणाले. "त्रास झाला की माणूस धडपडतो. बरं वाटलं की बसून राहतो."

घर सोडून तेव्हा मला चार वर्षं झाली होती. बाबा फोनवर दोनच वाक्यं बोलायचे. "जेवली का?" आणि "ठेवतो मंग." तुझी आठवण येते, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मीही नाही.

त्या हिवाळ्यात बाबांना ताप आला, खोकला झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला तर आई खुशीत होती.

"आज लय बरे हायेत. सकाळपासून हसून राह्यले, गोठी सांगून राह्यले. घे, बोल."

"तू आलती ना सकाळी?" बाबा म्हणाले. आवाज मोकळा, लाडाचा. तसा मी कधी ऐकलाच नव्हता. "धुऱ्यावर बसली होती. म्या पाणी तिकून वळवलं, तुये पाय भिजतीन म्हून. बसू दे म्हटलं, पोरगी किती दिवसानं आली."

मला ऐकत राहावंसं वाटत होतं. पण मधूनच त्यांचा श्वास तुटत होता, आणि मी तर सकाळी तिथून शेकडो कोस लांब होते.

"बाबा, मेथीच्या वीस जुड्या आहेत. सात गेल्या. किती राहल्या?"

उभा जन्म बाजारात बसलेला माणूस. थोडं थांबून हसला.

"साऱ्याच राहल्या माय. कोठी जातीन? आन् आयक, तुले एक सांगाचं राह्यलं होतं..."

"बाबा, फोन आईला द्या. आत्ताच्या आत्ता."

आईला मी नखं पाहायला सांगितली. "निळी दिसून राह्यली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. शेजारचे कापडदुकानवाले चाचा गिऱ्हाईक तसंच सोडून आले. त्यांच्या गाडीतून बाबांना वाशीमला नेलं. दवाखान्यात लगेच ऑक्सिजन लावला. न्युमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचले. बाबा उशीला टेकून बसले होते, चेहरा ओढलेला. मला पाहून म्हणाले, "काहून आली? सुटी भेटली का?"

आई चहा आणायला गेल्यावर मी विचारलं, "काल तुम्ही मला काहीतरी सांगत होता."

"कई?"

"फोनवर. एक सांगायचं राहिलं, म्हणत होता."

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "काही ध्यानात नाही," म्हणाले. मग माझ्या हाताकडे पाहत म्हणाले, "जेवली का?"

त्यानंतर बाबा तीन वर्षं जगले. वावरात जात, पाणी लावत, फोनवर पुन्हा दोनच वाक्यं बोलत. मी आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. त्या दुपारी मी चुकले नाही, हे मला ठाऊक आहे. तरी अजून वाटतं, एवढं एक वाक्य पुरं होऊ द्यायला हवं होतं.